पडू नये म्हणून बसून राहणे, हा उपाय नव्हे!

घरातले म्हातारे माणूस एकदा मोरीत किंवा जिन्यात पडले की मुले-सुना काळजीने म्हणतात, "आई, तू आता उठूच नकोस. सगळे जागेवर आणून देतो." हेतू चांगलाच असतो. पण बसून बसून पायांतले बळ जाते, भीती वाढते आणि पुढच्या वेळी उठताना पडण्याचा धोका अधिकच वाढतो.

बंधू-भगिनींनो, म्हातारपणी माणूस केवळ पाय लटपटतात म्हणून पडत नाही. समोरची पायरी पाहणे, पाय किती उचलायचा ते ठरवणे आणि तेवढ्यात कोणी हाक मारली तरी तोल राखणे, हे सारे काम मेंदूचे आहे. वयाबरोबर ते जड जाते. म्हणूनच बोलता बोलता चालणाऱ्या वृद्धांची चाल मंदावते.

हे ध्यानात घेऊन इस्रायलच्या तेल अवीव येथील अनात मिरेलमन, जेफ्री हाउसडॉर्फ व सहकाऱ्यांनी इस्रायल, बेल्जियम, इटली, नेदरलँड्स व ब्रिटन या पाच देशांत एक प्रयोग केला. ६० ते ९० वर्षे वयाचे ३०२ स्त्री-पुरुष त्यात होते. सर्वजण आधीच्या सहा महिन्यांत किमान दोनदा पडलेले. कित्येकांना कंपवाताचा आजार होता.

त्यांचे दोन गट केले. एक गट ट्रेडमिलवर, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर, नुसता चालला. दुसराही तसाच चालला, पण त्याच्यासमोर मोठा पडदा होता. कॅमेरा पावले टिपत असे आणि ती पडद्यावर दिसत. वाटेत अडथळे, डबकी येत. ती ओलांडायची, वाट निवडायची, लक्ष विचलित होऊ द्यायचे नाही. यालाच व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी जगातला खेळ म्हणतात. पाऊण तास, आठवड्यातून तीनदा, असे सहा आठवडे दोन्ही गट चालले.

२०१६ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. खेळासह चाललेला गट आधी सहा महिन्यांत सरासरी ११.९ वेळा पडत असे. नंतरच्या सहा महिन्यांत हे प्रमाण ६ वर आले. नुसत्या चाललेल्यांचे १०.७ वरून ८.३ झाले. पट्टा तोच, दिवस तेवढेच. पण एका गटाच्या पायांबरोबर मेंदूलाही सराव मिळाला, हाच फरक.

असे यंत्र सगळीकडे मिळणार नाही आणि देखरेखीवाचून घरी तसले प्रयोग करूही नयेत. पण त्यातला धडा आपल्या उपयोगाचा आहे. पडलेल्या माणसाला आधी डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब, नजर, चालू असलेल्या गोळ्या, यांपैकी कशानेही तोल जाऊ शकतो. मोठ्या सरकारी व पालिका रुग्णालयांत फिजिओथेरपीचा विभाग असतो, तिथे चालण्याचा व्यायाम विचारून घ्या. मोरी कोरडी ठेवा, वाटेतले सामान हलवा. आणि डॉक्टरांनी हो म्हटले की आई-वडिलांचा हात धरून रोज थोडे चालवा. त्यांना जागेवर बसवून ठेवू नका.