उल्हास : पुराची नोंद आणि पाण्याचा कोटा

उल्हास खोऱ्यात पूर आला की पहिले बोट बारवी धरणाकडे जाते. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली, तो पूर मात्र धरणावरून समजत नाही. बारवी नदी उल्हासला मिळते ती जांभूळजवळ, बदलापूरच्या खालच्या अंगाला. बदलापुरात शिरणारे पाणी राजमाचीच्या डोंगरापासून कर्जत-नेरळपर्यंतच्या पावसाचे, आणि त्या वाटेवर मुख्य नदीला अडवणारे मोठे धरण नाही. कल्याणचे गणित निराळे. तिथवर बारवीचे पाणी आलेले असते, काळू-भातसेची भर पडते आणि खाडीला भरती असली तर पाण्याला पुढे सरकायला जागा उरत नाही. म्हणजे नदी एक, पूर दोन प्रकारचे. कर्जतचा लोंढा कल्याणला किती तासांनी पोहोचतो आणि तेव्हा भरती असते की ओहोटी, याची वर्षानुवर्षांची नोंद हाच व्यवस्थापनाचा पाया हवा.

पाण्याच्या कोट्याचा हिशेब मात्र उन्हाळ्यात मांडला जातो, आणि उन्हाळ्यातली उल्हास बरीचशी उसनी आहे. ठोकरवाडीत अडवलेले आंद्रा नदीचे, म्हणजे भीमा खोऱ्यातले पाणी भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून 1922 पासून इकडे उतरते. त्यावर आणि बारवीवर एमआयडीसी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर आणि ठाण्याकडचा पुरवठा उभा आहे. हे पाणी भीमा खोऱ्याला परत द्या, ही मागणीही जुनीच. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा 2005 चा, उल्हासच्या मोठ्या पुराचे वर्षही तेच. तरी पाणीहक्क आणि पूर यांचे कागद वेगळेच राहिले. पावसाळ्यात शहरांनी वाहत्या नदीतून उचलावे आणि साठ्याचा कोटा पुढे राखावा, अशी ऋतुवार वाटणी नदीच्या प्रवाहाच्या नोंदीवरच ठरू शकते.

मग पूर झेलायला जुलैत बारवी धरण थोडे रिकामे ठेवावे का? ब्रिस्बेनजवळच्या विव्हेनहो धरणात पुरासाठी पाणीपुरवठ्याहून जास्त जागा राखलेली आहे. तरीही 2011 मध्ये ते शहर बुडाले. बारवीत तर अशी राखीव जागाच नाही. 1972 चे हे धरण पाणीपुरवठ्यासाठी बांधले, त्याचे स्वयंचलित दरवाजे ठरावीक पातळीला आपोआप उघडतात. शिवाय 2015 चा पाऊस रुसला तेव्हाची ठाणे जिल्ह्यातली पाणीकपात आठवली की जुलैत पाणी सोडायला कोणता अधिकारी धजेल? हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच धरणातल्या रिकाम्या जागेपेक्षा काठावरच्या रिकाम्या जागेचा आग्रह धरावासा वाटतो. काठावर आखायच्या पूररेषा दोन: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा. दोन्हींमागे नदीच्या विसर्गाचाच हिशेब असतो. रेषा वर सरकली की भूखंडांचे भाव पडतात, ही तक्रार खरी आहे. पण उल्हासच्या वरच्या अंगाला पाणी थोपवायला मोठे धरण नाही. तिथला लोंढा मुरायला उरते ती काठची जमीनच, आणि तिचा भाव ठरवताना 2005 आणि 2019 च्या पाण्याची पातळी धरायलाच हवी.