डिझेलची वाट : भाग ६ – हवा काढणारा विजेचा पंप

मागच्या भागात डिझेलमध्ये उतरणारं पाणी पाहिलं. आज हवा.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीबंदी असते. बोट किनाऱ्यावर ओढून शाकारलेली, टाकीत अर्धंमुर्धं डिझेल, इंजिन गप्प. या मुक्कामात पाइपांतलं डिझेल हळूहळू मागे टाकीत उतरतं आणि रिकाम्या जागेत हवा शिरते. मग हर्णैला किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात हंगामाचं पहिलं सेल्फ मारलं की इंजिन नुसतंच फिरतं, पेट घेत नाही. खलाशी दोनच शब्दांत निदान करतो : ‘एअर घेतलीय.’

रायपूरच्या शंकर नगरातून समुद्र फार लांब. पण इथल्या इमारतींमागे उभ्या असलेल्या जनरेटरची आणि बोटीची इंधनवाट जवळपास एकच आहे. सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या गंगरेलच्या जलाशयात एखादी डिझेल बोट उतरवली, तर तिचीही तीच. फरक परिणामात आहे. जनरेटर बंद पडला तर अंधारात बसून मेकॅनिकची वाट पाहता येते. खाडीच्या तोंडाशी, लाटा फुटत असताना इंजिन थांबलं, तर बोट खडकाकडे किंवा वाळूच्या दांड्याकडे वाहत जाते. तिथे हवा किती लवकर निघते यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. म्हणून हवा काढणारा हा छोटा विजेचा पंप मला मोलाचा वाटतो.

हवेनं एवढं का अडावं? इंजेक्शन पंपाचा दट्ट्या डिझेल दाबतो तेव्हा डिझेल जवळजवळ आक्रसत नाही. दाब तसाच्या तसा नोझलपर्यंत पोचतो आणि दोनशेच्या आसपास बार दाबाला नोझल उघडतं. मध्ये बुडबुडा असला की दट्ट्याची सगळी मेहनत तो बुडबुडा दाबण्यात जाते. दट्ट्या मागे आला की बुडबुडा पुन्हा फुगतो. नोझलपर्यंत काहीच पोचत नाही. गंमत अशी, की रुडॉल्फ डिझेलच्या १८९७ सालच्या आउग्सबुर्गमधल्या इंजिनात इंधन आत ढकलायचं काम दाबलेली हवाच करत होती. त्यासाठी इंजिनासोबत अवजड कॉम्प्रेसर बाळगावा लागे. बॉशनं १९२७ मध्ये इंजेक्शन पंपाचं कारखानी उत्पादन सुरू केलं आणि डिझेल इंजिन ट्रकमध्ये, ट्रॅक्टरमध्ये, लहान बोटीत मावू लागलं. तेव्हापासून हवा त्या वाटेवर नकोशी झाली.

ती काढायला बहुतेक इंजिनांच्या, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाला हाताचा प्रायमर असतो. कुठे दाबायचं बटण, कुठे छोटा दांडा. बोटीत तो नेमका इंजिनाच्या खालच्या अंगाला, तापलेल्या पाइपांच्या मागे येतो; तिथे वाकून हात घालावा लागतो. दांड्याच्या पंपाची आणखी एक खोड आहे. कॅमचा उंचवटा नेमका पंपाच्या टोकाखाली थांबला असेल, तर दांडा हलतो पण डिझेल सरकत नाही. इंजिन एक फेरा फिरवून घेतलं की तोच दांडा जड लागतो आणि काम करू लागतो. हे ठाऊक नसल्यानं चांगले पंप बदलले जातात.

विजेचा पंप या वाकण्यातून सोडवतो. तांडेल बटण दाबतो, दुसरा माणूस हवा सोडणारा ब्लीड स्क्रू सैल करतो, त्याचे दोन्ही हात मोकळे. १२ किंवा २४ व्होल्टचा, टकटक आवाज करणारा सोलेनॉइड पंप या कामाला उत्तम. त्याचा दाब ४ ते ७ पीएसआय असावा. पेट्रोल गाडीच्या टाकीतला इंजेक्शनचा पंप स्वस्तात मिळतो म्हणून लावू नये. त्याचा दाब चाळीस पीएसआयच्याही वर जातो आणि फीड पंपाचा पडदा तेवढ्यासाठी केलेला नसतो.

जागा ठरवताना घाई नको. पाणी वेगळं करणारा पहिला फिल्टर आणि इंजिनाचा फीड पंप यांच्यामध्ये, शक्य तितक्या खाली आणि टाकीजवळ तो बसवावा. असे पंप ढकलतात चांगलं, ओढतात कमी. फिल्टरच्या आधी बसवला तर कचरा त्याच्या झडपेत अडकतो आणि पाण्याचे थेंब डिझेलमध्ये घुसळले जाऊन फिल्टरला वेगळे करता येत नाहीत. पंपावरचा बाण इंजिनाकडे हवा. बंद असताना त्यातून डिझेल सहज वाहतं का, हे घेतानाच विचारावं. वाहत नसेल तर त्याला बगल देणारी दुसरी नळी आणि तिच्यात एकाच दिशेनं उघडणारी झडप लागते. झडप नसली तर पंप तेच डिझेल स्वतःभोवती फिरवत बसतो.

वायरिंगला बॅटरीजवळ फ्यूज, खाऱ्या हवेसाठी कथिलाचा मुलामा असलेली वायर, आणि बोट उचललं की बंद होणारं बटण. साधा स्विच चालू राहून जातो. नळी आगीला टिकणारी, आयएसओ ७८४० छापाची घ्यावी. डिझेल पटकन पेटत नाही या समजुतीवर विसंबू नये. जहाजांवर ६० अंशांखाली ज्वालांक असलेलं इंधन सहसा चालत नाही. आपल्या पंपांवर मिळणाऱ्या डिझेलची किमान अट ३५ अंशांची आहे.

आता माझा खरा आग्रह. पंप बसवण्याआधी हवा कुठून येते ते शोधा. दोन महिने उभ्या राहिलेल्या बोटीत ती एकदा आली तर समजू शकतं. दर आठवड्याला येत असेल तर वाटेत कुठेतरी गळती आहे, आणि टाकीपासून फीड पंपापर्यंतची गळती डोळ्यांना दिसत नाही. तिथे इंजिन ओढत असतं, त्यामुळे डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जोड कोरडा ठणठणीत दिसतो आणि माणूस भलतीकडेच शोधत राहतो. विजेचा पंप चालू केला की त्याच्या पुढच्या वाटेत ओढ जाऊन दाब येतो, आणि तोच जोड घामेजतो. कागदी रुमाल प्रत्येक जोडाला टेकवून पाहावा. बहुतेकदा दोषी निघतो तो बँजो बोल्टखालचा, वारंवार वापरून कडक झालेला कॉपर वॉशर. पंपाच्या मागच्या भागासाठी फिल्टरनंतर वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडून बुडबुडे पाहावेत आणि तपासणी झाली की ती काढून टाकावी. टाकीत डिझेल कमी असताना बोट डोलली की ओढनळीचं तोंडही उघडं पडतं. तेव्हा दोष जोडाचा नसतो.

हवा काढायचा क्रम टाकीकडून इंजिनाकडे. पंप चालू ठेवून आधी बारीक फिल्टरचा स्क्रू सैल करावा. फेस येईल, मग थुंकल्यासारखं डिझेल, मग अखंड स्वच्छ धार. धार आली की स्क्रू आवळावा. नंतर इंजेक्शन पंपाचा स्क्रू तसाच. तरीही इंजिन लागलं नाही तर दोन इंजेक्टरांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारावं, डिझेल ठिबकलं की आवळावेत. हाताचं बोट जवळ नेऊ नये. त्या दाबाची धार कातडीच्या आत शिरते. कॉमन रेल इंजिनात तर हे नट सैल करायचेच नाहीत, तिथला दाब हजार बारच्या वर असतो. ज्या बोटीत एक्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी सोडलेलं असतं, तिथे सेल्फ मारत राहण्याआधी पाण्याचा कॉक बंद करावा. इंजिन पेटत नसताना पाणी बाहेर फेकायला धूर नसतो. ते साठून सिलिंडरमध्ये शिरू शकतं. इंजिन लागताच कॉक उघडायचा.

काम झाल्यावर, आणि पुढे महिनाभर रोज सकाळी, इंजिन ऑइलची पट्टी पाहावी. फीड पंपाचा पडदा फाटलेला असेल तर विजेचा पंप डिझेल थेट ऑइलमध्ये ढकलतो. ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि बोटांत चोळून ते पातळ लागलं, डिझेलचा वास आला, तर इंजिन सुरू करू नये. पडदा बदलून, ऑइल काढून नवं भरून मगच सेल्फ मारावं.

(पुढच्या आठवड्यात : इंजेक्टरचा धूर वाचताना)