मुंबईचे क्वार्टेट, माडियांची गाणी

'एथ्नोम्युझिकॉलॉजी' या अमेरिकी नियतकालिकात 1960 आणि 1961 साली लागोपाठ दोन लेख आले. पहिला डोंगरी माडिया आणि मुरिया गोंडांच्या गाण्यांवर, दुसरा त्यांच्या वाद्यांवर. लेखक वॉल्टर कॉफमन, तेव्हा इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. लेखांतला प्रदेश बस्तरचा आहे. पण अबुझमाडचे डोंगर आणि गडचिरोलीतल्या भामरागडचं जंगल एकमेकांना लागून आहेत, माडियांची वस्ती दोन्हीकडे आहे. लोहखनिजामुळे आज वर्तमानपत्रांत रोज गाजणारं सूरजागड याच पट्ट्यातलं, एटापल्ली तालुक्यातलं. ढोलाच्या तालावर हातात हात गुंफून फेर धरत रेला गाणाऱ्या इथल्या माणसांच्या संगीताचा शास्त्रीय अभ्यास कुठून सुरू झाला, असं विचारलं तर कॉफमनचं नाव टाळता येत नाही.

याच कॉफमननं किमान अकरा स्ट्रिंग क्वार्टेट रचले. त्यांतले काही मुंबईत.

दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चौघांसाठी लिहिलेल्या या रचनाप्रकाराला युरोपात हायडननं प्रतिष्ठा दिली. 1781 साली लिहिलेल्या त्याच्या सहा रचनांनी मोत्सार्टला इतकं भारावून टाकलं, की त्यानंही सहा क्वार्टेट लिहून 1785 साली ते हायडनला अर्पण केले. पुढे बेथोवनचे सोळा. या भांडारावरचं संशोधन म्हणजे नुसती रसिकांची वाहवा नव्हे. त्यात गुप्तहेराची चिकाटी लागते. हायडनच्या नावावर 'ओपस 3' म्हणून सहा क्वार्टेट दीडशेहून अधिक वर्षं बिनघोर वाजत होते; त्यांतली 'सेरेनेड' तर घराघरांत पोचलेली. 1964 साली ॲलन टायसन आणि रॉबिन्स लँडन यांनी पॅरिसच्या जुन्या छापील प्रती बारकाईनं तपासल्या. छपाईच्या पत्र्यावरून खोडलेलं एक नाव त्यांना अंधूकसं वाचता आलं: होफश्टेटर. हा एक बेनेडिक्टीन साधू, हायडनचा निस्सीम चाहता. एका खोडलेल्या नावानं सबंध संचाचं पितृत्व संशयात पडलं. पूर्वी हायडनचे 83 क्वार्टेट मोजत, आता 68 मोजतात.

जोसेफ कर्मनचा बेथोवनच्या क्वार्टेटवरचा ग्रंथ 1967 चा, चार्ल्स रोझेनचा 'द क्लासिकल स्टाइल' 1971 चा, लुडविग फिन्शरचा जर्मन अभ्यास 1974 चा. तिन्ही थोर. तिघांचा नकाशा मात्र व्हिएन्नाभोवतीचा, आणि त्यांच्या विषयापुरता तो योग्यच. क्वार्टेटची पुढची वाट कुठे कुठे गेली हे पाहायचं, तर मुंबईत यावं लागतं.

कॉफमनचा जन्म 1907 चा, कार्ल्सबादचा. बर्लिनमध्ये तो फ्रान्झ श्रेकरकडे रचना शिकला आणि कुर्ट झाक्सकडे संगीतशास्त्र. प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्याचा प्रबंध तयार होता, पण आपला मार्गदर्शक नाझी असल्याचं कळल्यावर या ज्यू तरुणानं पदवीच नाकारली. 1934 साली तो मुंबईत उतरला आणि काही महिन्यांतच त्यानं 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' उभी केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल. पियानोवर स्वतः कॉफमन, चेलोवर एडिजिओ व्हेर्गा, व्हायोलिनवर मेहली मेहता. मे 1937 पर्यंत या मंडळाचे 136 कार्यक्रम झाले होते. नव्या शहरात, परक्या हवेत, दमट उन्हाळ्यात तारा उतरत असताना हा नेम सांभाळणं ही साधी गोष्ट नव्हे. त्याच वर्षी तो आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताचा प्रमुख झाला. पहाटेच्या सभेआधी तंबोऱ्यावर व्हायोलिनची जी धून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू आली, तिचा कर्ता म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं.

मेहली मेहता ही या कथेतली दुसरी खंबीर व्यक्ती. 1935 साली त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला, 1940 साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. घरात चाललेल्या तालमी ऐकतच त्यांचा मुलगा झुबिन वाढला. मेहली पुढे मँचेस्टरला हॅले ऑर्केस्ट्रात गेले, तिथून 1959 मध्ये फिलाडेल्फियाला कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये. मुलाच्या कीर्तीखाली बापाचं हे काम झाकलं गेलं, याची खंत वाटते.

आणि गोवेकर? मुंबईतल्या वाद्यवृंदांतल्या व्हायोलिन-चेलोच्या खुर्च्या मोठ्या प्रमाणावर त्यांनी भरल्या. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकलेली ही मंडळी दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला आणि संध्याकाळी बेथोवनला बसत. त्यांच्यातल्या अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 च्या सुमारास रागसंगीत आणि युरोपीय वाद्यवृंद एकत्र आणण्याचा मोठा घाट घातला. या वादकांवर स्वतंत्र ग्रंथ व्हावा एवढा ऐवज आहे.

कॉफमनकडे परत येऊ. भारतीय संगीत पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा त्याला ते अगदी परकं वाटलं होतं. पण लाखो लोक ज्यावर जीव टाकतात ते निरर्थक असणार नाही, उणीव आपल्या कानात आहे, असा निष्कर्ष त्यानं काढला आणि त्या कानाची मशागत करायला तो इथे राहिला. 1968 साली आलेल्या 'द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया' या त्याच्या जाडजूड ग्रंथाची मांडणी पंडित भातखंड्यांच्या दहा थाटांवर उभी आहे. त्याआधी, मुंबईत असतानाच, 1941 साली 'म्युझिकल क्वार्टर्ली'त त्याचा गोंड आणि बैगांच्या लोकगीतांवरचा लेख छापून आला होता.

त्या काळात गोंड गाण्यांवर काम करणारा तो एकटा नव्हता. शामराव हिवाळे हा मराठी माणूस पुण्याचा ख्रिस्त सेवा संघ सोडून मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विनबरोबर मैकल डोंगरात जाऊन राहिला. दोघांचा 'साँग्ज ऑफ द फॉरेस्ट' 1935 साली निघाला, आणि हिवाळेंचा स्वतःचा परधानांवरचा ग्रंथ 1946 साली. त्यांचा भर शब्दांवर होता, कॉफमनचा स्वरांवर. एल्विनचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. शामरावांना मराठी वाचकानं अजून पुरतं आपलं म्हटलेलं नाही.

परधान हा गोंडांचा भाट, कुळाची गाथा गाणारा. त्याच्या हातात किकरी असते. लाकडी पेटीवर ताणलेलं कातडं, घोड्याच्या केसांच्या तीन तारा, आणि गजही केसांचाच. मांडीवर उभी धरून वाजवताना तिचा आवाज घोगरा, थेट गाणाऱ्याच्या गळ्याला चिकटून चालणारा. चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबादच्या राजगोंडांवर 1948 साली लिहिताना मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फनं नोंदवलं, की तिथले परधान घरात मराठी बोलतात आणि यजमानांसमोर गाथा मात्र गोंडीत गातात. गजानं तार बोलती करण्याची कला या जंगलातही मुरलेली होती.

मग मुद्दा असा, की कॉफमनचे क्वार्टेट आणि त्याचं गोंड संगीतावरचं लेखन एकत्र वाचलं पाहिजे. बेला बार्टोकच्या बाबतीत ते केव्हाच झालं. त्यानं गावोगाव फिरून गोळा केलेली हंगेरियन आणि रुमानियन गाणी बाजूला ठेवून त्याचे सहा क्वार्टेट कुणी समजावून देत नाही. कॉफमनच्या बाबतीत घाई नको, हेही खरं. मुंबईतल्या रचनांमध्ये रागांचं चलन आणि मध्य युरोपीय घडण शेजारी नांदतात, एवढं ऐकताना जाणवतं; गोंड चाल तिथवर पोचली का, हे हस्तलिखितं आणि तारखा लावूनच ठरेल. होफश्टेटरचं नाव शोधणाऱ्यांची चिकाटी इथे हवी.

1946 साली कॉफमननं मुंबई सोडली. विनिपेगच्या सिंफनीचा तो पहिला संचालक झाला, 1957 पासून ब्लूमिंग्टनला शिकवत राहिला आणि 1984 साली वारला. रचना हस्तलिखितातच राहिल्या, तो शहरामागून शहर बदलत गेला, आणि प्राध्यापकाच्या कीर्तीनं संगीतकाराला मागे सारलं. 2020 साली टोरंटोच्या एआरसी एन्सेंबलनं त्याच्या चेंबर रचनांचं ध्वनिमुद्रण शँडोस कंपनीकडून काढलं. त्यात सातवा आणि अकरावा क्वार्टेट आहे. परागंदा व्हावं लागलेल्या संगीतकारांच्या मालिकेतला हा एक खंड.

मुंबईत आज एनसीपीएचा 2006 साली स्थापलेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, मेहलींच्या नावाचं फाउंडेशन मुलांना शिकवतं आहे. अकरावा क्वार्टेट ज्या शहरात जन्मला त्या शहरात नेमानं वाजायला हरकत काय? आणि गडचिरोलीत 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. कॉफमनचे ते तीन लेख मराठीत आणि गोंडीत आणणं, त्यातल्या स्वरलिपी गाऊन एटापल्ली-भामरागडच्या जाणत्या गायकांना ऐकवणं, कुठलं गाणं त्यांना ओळखीचं वाटतं आणि कुठे त्यानं चुकीचं ऐकलं हे त्यांच्याकडून लिहून घेणं, हे काम तिथेच होऊ शकतं. सूरजागडला जानेवारीत ठाकुरदेवाची यात्रा भरते, इलाक्यातली गावं तिथे जमतात. डोंगर खणला जातो आहे, खनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावताहेत. जुनी गाणी पाठ असलेली पिढी म्हातारी होते आहे. विचारणाऱ्यानं आता लवकर निघायला हवं, सोबत ध्वनिमुद्रक आणि 1960-61 च्या त्या दोन लेखांच्या प्रती घेऊन.