हाताने प्लगइन काढताना

कॅसलरॉकच्या फलाटावर लहानपणापासून मी एक गोष्ट पाहत आलो आहे. कुळेहून घाट चढून आलेल्या गाडीची जादा इंजिने येथे सोडवितात. घाटाचा चढ 37 फुटांस 1 फूट इतका खडा. तेथे जादा बळ लागते, वर आल्यावर लागत नाही. पण इंजिन सोडविणारा माणूस एकदम कपलिंगला हात घालीत नाही. आधी ब्रेकच्या हवेचे कॉक बंद, मग नळी, मग कपलिंग. संकेतस्थळाला जोडलेले प्लगइनही असेच क्रमाने सोडवावे लागते, हे गेल्या ऑक्टोबरात मला शिकावे लागले.

प्लगइन म्हणजे काय? वर्डप्रेस ही संकेतस्थळे चालविणारी प्रणाली 2003 साली निघाली आणि 2004 च्या 1.2 या आवृत्तीपासून तिला प्लगइनची सोय झाली. मूळ प्रणालीला धक्का न लावता तिच्याकडून नवे काम करवून घेणारा छोटा प्रोग्रॅम, तो प्लगइन. माझ्या काकांच्या घरी दूधसागर पाहायला आलेले पाहुणे उतरतात. त्यांच्या संकेतस्थळावर खोल्यांचे बुकिंग घेणारे असेच एक प्लगइन होते. दिवाळीच्या तोंडावर मी त्याची नवी आवृत्ती चढविली आणि संकेतस्थळच बंद पडले! व्यवस्थापनाचे पानही उघडेना. 2019 च्या 5.2 आवृत्तीपासून अशा वेळी दुरुस्तीचा दुवा ई-मेलने येतो खरा. पण नोंदविलेला पत्ता संकेतस्थळ करून देणाऱ्या मुलाचा, आणि त्याचा ठावठिकाणा नाही. साहजिकच हाताने काढण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

पहिली पायरी नकलेची. होस्टिंगच्या फाईल मॅनेजरमधून सर्व फाईलींची आणि डेटाबेसची प्रत उतरवून घ्यावी. दुसरी पायरी अशी, की ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मधील ‘प्लगइन्स’ या फोल्डरात जाऊन बिघडलेल्या प्लगइनच्या फोल्डरचे नुसते नाव बदलावे. वर्डप्रेसला ती फाईल सापडत नाही, म्हणून ती वगळून ते पुढे चालू लागते. दोषी कोणते हे ठाऊक नसेल, तर एकेकाचे नाव बदलून पाहावे. आमच्याकडे रेंज जेमतेम. पण नाव बदलायला तेवढी पुरली आणि संकेतस्थळ उघडले.

आता फोल्डर पुसणार, तोच काका म्हणाले, “अरे, कुणी किती आगाऊ पैसे दिलेत ते त्यातच आहे ना?”

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न आधी सुचायला हवा होता! याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. फोल्डर म्हणजे दुकानातला माल आणि डेटाबेस म्हणजे खातेवही. माल उचलून नेला म्हणून वहीतली खाती मिटत नाहीत. व्यवस्थापनाच्या पानावरून प्लगइन काढले, तर लेखकाने तशी योजना केली असल्यास ते आपल्या नोंदीही पुसून जाते. फोल्डर हाताने पुसला, तर ती योजना चालतच नाही. नोंदी जागच्या जागी राहतात. एरवी हा कचरा. आमच्या बाबतीत तेच धन होते.

म्हणून फोल्डर पुसून मी डेटाबेस उघडला. बुकिंगचे कोष्टक वेगळे उतरवून घेतले आणि काकांच्या वहीशी ताळा केला. धारवाडच्या एका कुटुंबाने दिलेले दोन हजार रुपये वहीत नव्हतेच. मी त्यांना फोन करून कन्नडमध्ये खात्री करून घेतली. त्यानंतरच त्या प्लगइनची कोष्टके काढून टाकली.

येथे एक इशारा. चालू प्लगइनांची यादी ‘ऑप्शन्स’ कोष्टकात असते. तिच्यात प्रत्येक नावासोबत त्याची लांबीही आकड्यात लिहिलेली असते. एखादे नाव हाताने खोडावे आणि आकडे तसेच ठेवावेत, तर सारी यादीच निकामी होते. त्या यादीस हात न लावणे उत्तम. फोल्डर गेल्यावर व्यवस्थापनातील प्लगइनांचे पान उघडले, की वर्डप्रेस ते नाव आपणच काढते.

धारवाडची मंडळी ठरल्या दिवशी आली. खोली तयार होती. व्यवस्थापकाचा पत्ता म्हणून आता काकांचा ई-मेल नोंदविला आहे.