मागच्या रांगांना ऐकू यावे म्हणून

स्नेहसंमेलनात मागच्या रांगा दंगा करतात, ही प्राध्यापकमंडळींची जुनी तक्रार. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या मुलांमध्ये मी तीन वर्षे आहे. माझे मत असे की, मागच्यांपर्यंत नाटकातले शब्दच पोहोचत नाहीत. मग त्या बिचाऱ्यांनी दुसरे करावे तरी काय? उपाय म्हणून रंगमंचाजवळच्या कर्ण्यांचा आवाज चढवला जातो. त्याने पुढच्या पाहुण्यांचे कान मात्र किटतात.

मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे कर्ण्यापासून ४ मीटरवर बसलेल्यापेक्षा ३२ मीटरवरच्याला तो १८ डेसिबल कमी मिळणार. तेव्हा एका मोठ्या तोंडाऐवजी अनेक लहान तोंडे श्रोत्यांजवळ ठेवावीत आणि ती सारी मिळून एकच बोलत आहेत असे भासवावे, हे बरे.

जोडणीत पहिली अडचण रोधाची. ८ ओहमचे चार स्पीकर समांतर जोडले की एकूण रोध २ ओहम उरतो, आणि साधा ॲम्प्लिफायर तापून बंद पडतो. म्हणून सभांमध्ये १०० व्होल्टची लाइन वापरतात. दाब जास्त म्हणून प्रवाह कमी, आणि लांब तारेत शक्ती फारशी वाया जात नाही. विजेच्या उच्चदाब वाहिन्यांचे तत्त्व तेच. प्रत्येक कर्ण्याला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यावर ५, १० किंवा १५ वॉट निवडायचे. सर्वांची बेरीज ॲम्प्लिफायरच्या क्षमतेच्या आत राहिली की झाले. मात्र सांधे उघडे ठेवू नयेत. या तारेचाही झटका बसतो.

खरी गंमत पुढे आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर चालतो, तारेतला संदेश मात्र जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो. २४ मीटरवरच्या खांबावरचा कर्णा आधी बोलतो आणि रंगमंचावरचा आवाज सुमारे ७० मिलिसेकंदांनी मागून येतो. शब्दावर शब्द चढतो, आणि पुढे उभा असलेला शिवाजी शेजारच्या खांबातून गर्जना करतो!

१९४९ साली जर्मनीतील हेल्मुट हास यांनी दाखवले की, तोच आवाज १० ते ३० मिलिसेकंदांच्या अंतराने पुन्हा आला तर कान दोन्ही एकच मानतो, आणि दिशा पहिल्या आवाजाची धरतो. दुसरा १० डेसिबलपर्यंत मोठा असला तरीही! तेव्हा मागच्या कर्ण्यांना वेगळा ॲम्प्लिफायर द्यावा आणि त्याच्याआधी डिजिटल विलंबयंत्र ठेवून ७० अधिक १५, म्हणजे ८५ मिलिसेकंद लावावेत. मग बळ जवळच्या कर्ण्याचे, पण बोलतो मात्र नटच.

घरातले बिनतारी स्पीकर एकाच गटात लावतानाही पेच वेळेचाच असतो. ते एकमेकांशी घड्याळे जुळवून ठरल्या क्षणी वाजतात. वेळ जुळली नाही की सूर फाटतोच.

आमच्याकडे मैदान पावलांनी मोजून विलंब ठरतो. मग एक जण व्यासपीठावर ‘ट’, ‘क’, ‘प’ म्हणत राहतो आणि दुसरा शेवटच्या रांगेतून पुढे चालत येतो. जिथे अक्षर दुहेरी ऐकू येईल तिथे तो हात वर करतो, आणि विलंबाचे बटण पुन्हा फिरवले जाते. या कामाला आम्ही आमच्यातला सर्वांत चिकित्सक कानाचा मुलगा पाठवतो. तो मराठी विभागाचा आहे.