गाडी कशी आहे, हे मालकाला कसं विचारावं?

आज आपण चारचाकी गाडीविषयी बोलणार आहोत. हा पुरुषांचा विषय आहे असं समजून रेडिओ बंद करू नका. घरात कुणी आजारी पडलं की मुंबईला, परळला जावं लागतं. केईएम, टाटा, वाडिया ही मोठी रुग्णालयं तिथं जवळजवळ आहेत. शस्त्रक्रिया झालेलं माणूस एसटीत बसवता येत नाही, मग भाड्याची गाडी करावी लागते. काही बचत गटांतल्या बायका तर आता म्हणतात, दर वेळी भाडं देण्यापेक्षा आपण एक जुनी गाडीच घेऊ या का?

जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलं की एक गोष्ट दिसते. अमेरिकन नावाच्या मोठ्या, लांब डिकीच्या गाड्या बऱ्यापैकी स्वस्त मिळतात. फोर्डची फिएस्टा, शेव्हरोलेची ऑप्ट्रा आणि क्रूझ अशा या गाड्या. मालक सांगतो, "ताई, पोटातलं पाणी हलणार नाही." तो खोटं बोलत असेलच असं नाही. पण त्याचं म्हणणं ऐकायचं कसं, त्यातलं किती धरायचं आणि किती सोडायचं, हे आज समजून घेऊ.

मुंबईचं आणि अमेरिकन गाड्यांचं नातं फार जुनं आहे. परळला लागूनच शिवडी आहे. तिथं १९२८ मध्ये जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनं गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. बाहेरून सुटे भाग यायचे आणि इथं शेव्हरोले तयार व्हायची. पुढं आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात १९४७ पासून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या तयार होऊ लागल्या. गिरगाव-दादरच्या रस्त्यांवर अशा मोठ्या गाड्या टॅक्सी म्हणूनही धावत.

या गाड्या बसायला ऐसपैस होत्या. लांबी जवळपास ५ मीटर, पुढं-मागं सोफ्यासारखी सलग सीट. मागं चार माणसं सहज बसत. मग त्या मागं का पडल्या? कारण सहा सिलिंडरचं मोठं इंजिन पेट्रोल फार प्यायचं. शिवाय सरकारचं धोरण बदललं. नुसती जोडणी नको, भाग इथंच बनवा, असा आग्रह झाला आणि १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद पडला. परदेशी भाग आणणं अवघड झालं. पुढं १९७३ च्या अखेरीस अरब-इस्रायल युद्धामुळे जगभर तेल भडकलं, तेव्हा मोठी गाडी पोसणं आणखीच महाग झालं.

त्यांच्या जागी आली फियाट, जिचं नाव १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झालं. मूळ इटलीची, पण कुर्ल्यात बनलेली. इंजिन १०८९ सीसीचं, म्हणजे डॉजच्या इंजिनाच्या एक तृतीयांशापेक्षाही लहान. बसायला डॉजइतकी आरामशीर नव्हती. तरी काळीपिवळी टॅक्सी म्हटलं की तीच डोळ्यांसमोर येते. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत पासिंग झाली आणि २० वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. इतकी वर्षं ती टिकली, कारण तिचा भाग जवळच्या दुकानात मिळायचा आणि गल्लीतल्या मेकॅनिकला ती पाठ होती.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. गाडी भरवशाची आहे की नाही, हे फक्त गाडीत नसतं. भाग मिळतो का, दुरुस्त करणारा जवळ आहे का, आणि तेलाचा खर्च झेपतो का, यावरही ते ठरतं. मुंबईत ऑपेरा हाऊस भागात सुट्या भागांची दुकानं आहेत, चोर बाजारात जुने भाग शोधता येतात. तिथल्या मालकाला जी गाडी "कधीच त्रास देत नाही", ती आपल्या तालुक्यात आठवडाभर एका भागासाठी उभी राहू शकते. मालक खरं बोलतो, पण ते त्याच्या गावाचं खरं असतं.

आजचीही परिस्थिती तशीच आहे. जनरल मोटर्सनं २०१७ च्या अखेरीस भारतात शेव्हरोले विकणं थांबवलं. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुन्या ग्राहकांना सेवा आणि भाग देत राहू, असं दोन्ही कंपन्यांनी सांगितलं होतं. पण कंपनी गेली की गाडीची पुढची किंमत उतरते. म्हणूनच या गाड्या स्वस्त दिसतात. घेताना स्वस्त पडलेली गाडी आपण विकायला काढू, तेव्हा आपल्यालाही कमीच देईल.

आता मालकांच्या मताविषयी. आपल्याकडे म्हण आहे, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. पैसे घातलेल्या गाडीला माणूस सहसा नावं ठेवत नाही. दुसरं, गाडी घेऊन सहा महिने झालेला माणूस फक्त आरामाबद्दल बोलू शकतो. भरवशाबद्दल बोलायला चार-पाच पावसाळे जावे लागतात. तिसरं, जुनी गाडी अजून धावताना दिसली की आपण म्हणतो, काय मजबूत! पण तिच्याबरोबरच्या किती भंगारात गेल्या, त्या आपल्याला दिसत नाहीत. म्हणून एका मालकावर थांबू नका. तीन-चार जणांना विचारा, त्यात भाड्यानं चालवणारा एक चालक आणि एक मेकॅनिक असू द्या.

आणि "गाडी चांगली आहे का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "चांगली आहे" हेच येणार. असं विचारा: गेल्या दोन वर्षांत कोणता भाग बदलला, त्याला किती पैसे लागले, तो मिळायला किती दिवस लागले? घाटात पाच माणसं आणि एसी असताना गाडी गरम होते का? सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते का? शहरात आणि हायवेवर ॲव्हरेज वेगवेगळं किती? आकडा सांगणारा मालक कामाचा. नुसतं कौतुक करणाऱ्याला नम्रपणे नमस्कार करावा.

आरामाची परीक्षा आपली आपण घ्यावी. लांब गाडी सरळ हायवेवर छान चालते, पण गावच्या खड्ड्यांत आणि उंच गतिरोधकावर तिचा तळ घासू शकतो. सेडानची सीट खाली असते. गुडघे दुखणाऱ्या आजींना किंवा टाके असलेल्या बाईला त्यात वाकून बसणं आणि उठणं जड जातं. म्हणून ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची त्यांना मागच्या सीटवर बसवा आणि गावच्या कच्च्या रस्त्यावरून अर्धा तास फिरवा. गाडी उसळून दोन-तीनदा हेलकावत राहिली तर शॉकअप गेलेत असं समजा. पुढची सीट सोयीची आहे म्हणून मागचीही असेल असं नाही.

शेवटी कागद, कारण खरा फटका इथं बसतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं. म्हणून आरसीवर किती वर्षं उरली ते आधी पाहा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठीही १४ दिवसांच्या आत अर्ज करा.

आणि एक गोष्ट गटांनी नीट ऐका. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्यानं चालवता येत नाही. गटानं गाडी घेतली आणि लोकांकडून भाडं घेऊन परळला नेली, वाटेत अपघात झाला, तर विमा कंपनी पैसे नाकारू शकते. मग औषधाचा, गाडीचा आणि कोर्टाचा खर्च गटाच्या बचतीतून जाईल. भाडं घ्यायचंच असेल तर पिवळ्या प्लेटची, परवाना असलेली गाडी हवी. नाहीतर ओळखीच्या टॅक्सीवाल्याशी महिन्याचा दर ठरवणं जास्त स्वस्त पडेल.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हे चार प्रश्न वहीत लिहून घ्या: भाग कुठं मिळतो, मेकॅनिक कोण, कागद पूर्ण आहेत का, आणि मागच्या सीटवर आपली आजी कशी बसली? चौघींपुढं चारही उत्तरं वाचून दाखवा, मगच पैशाला हात लावा.