पौषात आटपाडी

नाशिकला गंगापूर धरणाजवळ सुलाची वायनरी उभी राहिली आणि द्राक्षमळा ही हिंडायला, खायला जायची जागा असते, हे मराठी माणसाच्या अंगवळणी पडलं. सांगली जिल्ह्यातही पलूसला वाइन पार्क झालं. पण याच जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, माणदेशात, वाइनशी काही संबंध नसलेलं एक फळांचं गाव आहे. दोन दिवसांच्या सहलीला ते कुठल्याही वाइनगावाच्या तोडीचं आहे, असं मी ठामपणे म्हणेन. गाव आटपाडी आणि फळ डाळिंब.

हा मुलूख पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आत, जमीन मुरमाड. तरीही इथे डाळिंब रमलं, कारण या झाडाला तहान सोसते. सोसते एवढंच नाही, ती लागतेच. बहार धरायचा म्हणजे आधी बागेचं पाणी तोडायचं. याला ताण देणं म्हणतात. जमिनीचा मगदूर पाहून महिना-दीड महिना ठिबक बंद. पानं पिवळी पडतात, गळतात, उरलेली औषध फवारून गाळतात. मग छाटणी, शेणखत आणि पहिलं पाणी. त्या पाण्यावर उघड्याबोडक्या फांद्यांना तांबूस पालवी फुटते आणि पाठोपाठ लालभडक कळी निघते. कळीपासून भगवा वाणाचं फळ उतरायला सुमारे सहा महिने लागतात. आंबे, मृग, हस्त यांतला कुठला बहार धरायचा, हे विहिरीचा तळ आणि बाजाराचा रंग पाहून ठरतं. फ्रान्समधल्या कित्येक नामांकित द्राक्षमळ्यांची जमीनही अशीच दगडगोट्यांची आहे, आणि वेल थोडी उपाशी राहिली की रस दाट उतरतो, हे तिथलेही शेतकरी जाणतात. आता टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उपसून या तालुक्यात येतं. पण पाणी आलं म्हणून ताण द्यायची विद्या जुनी झालेली नाही.

या बागांचा वैरी म्हणजे तेल्या. दमट हवा पडली की पानावर पाण्याने भिजल्यासारखा बारीक ठिपका उमटतो. फळावर तोच काळा तेलकट डाग होतो आणि डागाच्या मधोमध साल उकलते. आतले दाणे कितीही गोड असोत, सौद्यात त्या फळाला मोल उरत नाही. या एका जिवाणूने माणदेशातल्या उभ्या बागा काढायला लावल्या. त्यानंतरही पुन्हा खड्डे घेऊन रोपं लावणाऱ्या माणसांबद्दल मला अतिशय आदर आहे.

बाजार समितीतले सौदे जरूर पाहा. क्रेट रिकामे होतात, ढीग लागतात. आकार, रंग आणि डाग पाहून माल वेगळा काढतात आणि बोली सुरू होते. सहा महिन्यांच्या कष्टाचा निकाल तिथे काही मिनिटांत लागतो.

जायचं ते पौषात. मृग बहाराची फळं तेव्हा उतरत असतात, शाळूचा हुरडा हाती येऊ लागतो आणि खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा भरते. खिलार जनावरांचा बाजार पाहायचा तर इथेच: पांढरीशुभ्र अंगं, मागे वळलेली लांब शिंगं आणि खोंडाचे दात पाहून वय सांगणारे शेतकरी. जेवायला बाजरीची भाकरी, खर्डा, मटणाचा झणझणीत रस्सा; थंडीत हुलग्याचं माडगं मिळालं तर सोडू नका. चालायची हौस असेल त्यांनी खानापूरच्या हद्दीवरचं शुकाचार्य गाठावं. उघड्या माळानंतर डोंगराच्या घळीतली ती झाडी आणि झरा पाहून जीव निवतो.

आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. १९३९ मध्ये भवानराव पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून इथल्या माळावर स्वतंत्रपूर वसवलं. भिंती नसलेली ही कैद्यांची वसाहत. कैद्यांनी इथे शेती करायची आणि कुटुंबासह राहायचं. शांतारामबापूंचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ या प्रयोगावरूनच सुचला आणि त्याची कथा लिहिली याच तालुक्यातल्या शेटफळे गावी जन्मलेल्या गदिमांनी. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ वाचून या माळावर उतरलात, तर मेंढरांचा कळप नुसता रस्ता अडवणारा वाटणार नाही. आटपाडीतच जन्मलेल्या शंकरराव खरातांचं ‘तराळ अंतराळ’ही सोबत घ्या, या गावात गावकुसाबाहेरचं जगणं काय होतं, ते त्यात आहे.

बाग पाहायची तर मालकाला विचारूनच आत पाऊल टाका आणि फांद्यांना, फळांना हात लावू नका. तेल्या हातांवरून आणि कात्र्यांवरूनही पसरतो. निघताना डाळिंबं घ्याल ती बांधावरूनच घ्या आणि शेतकरी सांगेल तो भाव द्या.